कुत्र्यांसाठी आणि बागेसाठी हलवता येणारे झटका कुंपण: मशीनच्या आधी जमीन पाहावी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: घरामागे भाजीपाल्याचे वाफे आहेत, घरात दोन कुत्रे आहेत, एक मोठा आणि दाट केसांचा, दुसरा लहान आणि आखूड केसांचा, त्यांना वाफ्यांबाहेर ठेवायचे आहे, वाफ्यांची जागा हंगामानुसार बदलते म्हणून कायमचे कुंपण नको आहे, आणि तारेत विजेचे झटके सोडणाऱ्या मशीनचे, अगदी लहानापासून पाच ज्यूलपर्यंत (ज्यूल म्हणजे एका झटक्यातली ऊर्जा), इतके प्रकार दिसतात की त्यांतले कोणते घ्यावे हे ठरत नाही. शेतांवर आणि बागांमध्ये अशी कुंपणे उभारण्याचे काम मी अनेक वर्षे करत आलो आहे, आणि या प्रश्नाचे उत्तर मी मशीनपासून सुरू करत नाही. हलवता येणाऱ्या कुंपणाचे यश सर्वांत आधी कुत्र्याच्या पंजाखालच्या जमिनीवर ठरते, त्यानंतर तारेच्या उंचीवर आणि कुत्र्याला दिलेल्या शिकवणीवर. मशीनच्या ताकदीचा क्रमांक त्यांच्याही नंतर लागतो.

हे पटण्यासाठी झटका कसा बसतो ते पाहावे लागेल. मशीनचे एक टोक तारेला आणि दुसरे टोक जमिनीत रोवलेल्या सळईला जोडलेले असते. तारेत वीज सतत वाहत नसते. मशीनमधला कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, भरत जातो आणि साधारण सव्वा ते दीड सेकंदातून एकदा ट्रान्सफॉर्मरमधून रिकामा होतो, आणि त्या क्षणी तारेवर काही हजार व्होल्टचा एक ठोका येतो, जो बहुतेक मशीनमध्ये सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकाही टिकत नाही. कुत्र्याने त्या वेळी तारेला नाक लावले असेल तर वीज नाकातून शरीरात शिरते, पंजांतून जमिनीत उतरते आणि जमिनीतून त्या सळईमार्गे मशीनकडे परत जाते. ही वाट पूर्ण झाली तरच झटका बसतो. कुत्रा कोरड्या फरशीवर, लाकडी फळ्यांवर किंवा वाळलेल्या पालापाचोळ्याच्या जाड आच्छादनावर उभा असेल, तर तारेवर सहा हजार व्होल्ट असूनही त्याला नुसती चुणचूण जाणवते, आणि हे कुंपण फारसे काही करत नाही एवढाच धडा तो त्यातून घेतो. बागांमध्ये नेमके हेच होते, कारण वाफ्यांच्या भोवती आपण कोरडे आच्छादन घालतो किंवा पायवाटेला फरशी बसवतो, आणि कुंपण त्याच कडेने लावतो.

म्हणून खरेदीच्या आधी बागेत फिरून कुंपणाची रेषा ठरवावी आणि कुत्रा ज्या बाजूने येणार आहे त्या बाजूला निदान अर्धा मीटर रुंदीची उघडी माती किंवा आखूड कापलेले हिरवे गवत राहील असे पाहावे. जमीन रेताड, खडकाळ किंवा वर्षातले बरेच महिने कोरडी राहणारी असेल, तर एक आड एक तार अर्थिंगला, म्हणजे मशीनच्या जमिनीतल्या सळईला, जोडण्याची पद्धत आहे. तीत कुत्र्याचे नाक किंवा मान एका वेळी जिवंत तारेला आणि अर्थिंगच्या तारेला लागली की वाट जमिनीशिवायही पूर्ण होते. तशी जोडणी करता येईल अशी जाळीही मिळते. मात्र ओल्या, चिकण जमिनीत तिची गरज नसते, आणि तिथे ती घेऊ नये, कारण जिवंत आणि अर्थिंगच्या तारा वाऱ्याने किंवा सैल पडून एकमेकींना टेकल्या की सारे कुंपणच निकामी होते.

अर्थिंगची सळई जस्त चढवलेली असावी आणि ती शक्यतो ओल टिकून राहणाऱ्या जागी रोवावी. मशीनच्या प्रत्येक ज्यूलमागे सुमारे एक मीटर सळई जमिनीत हवी, हा जुना ठोकताळा आजही कामाचा आहे. लहान हलत्या मशिनांना खालीच बोटभर जाडीचा खुंट जोडलेला येतो. ओल्या मातीत तो पुरतो, पण कोरड्या दिवसांत त्याच्या जोडीला स्वतंत्र सळई लावावीच लागते. अर्थिंग पुरेसे आहे का हे तपासता येते. मशीनपासून शक्य तितक्या लांब, कुंपणाच्या दुसऱ्या टोकाला, मशीन बंद करून जमिनीत रोवलेली एक लोखंडी सळई तारेला टेकवावी, मशीन चालू करावे आणि तारेवरचे व्होल्ट दोन हजारांच्या खाली आल्याची खात्री करून अर्थिंगच्या सळईवर व्होल्ट मोजावेत. तिथे दोनशे ते तीनशेपेक्षा जास्त आकडा दिसला तर अर्थिंग अपुरे आहे, आणि अशा वेळी मोठे मशीन आणणे हा पैशाचा अपव्यय आहे. मोजण्यासाठी झटका कुंपणाचाच मीटर वापरावा. घरातला साधा मल्टिमीटर या ठोक्यांसाठी बनवलेला नसतो आणि तो खराब होऊ शकतो.

आता कुंपणाचा प्रकार. एक गोष्ट आधीच स्पष्ट करायला हवी: जमिनीत पुरलेली तार आणि कुत्र्याच्या गळ्यातला झटका देणारा पट्टा ही अगदी वेगळी वस्तू आहे. ती बाहेरच्या कुत्र्याला किंवा इतर प्राण्याला अडवत नाही, कुत्र्याला डोळ्यांनी दिसेल अशी सीमा तिच्यात नसते, आणि झटका कशामुळे बसला हे कुत्र्याला कळेलच याची खात्री नसते. वेल्समध्ये अशा पट्ट्यांवर २०१० पासून बंदी आहे. दिसणाऱ्या तारेचा झटका कुत्रा स्वतः तिला जाऊन टेकल्यावरच बसतो, त्याचे कारण त्याच्या डोळ्यांसमोर असते आणि तो मागे सरला की ते संपते. या फरकाला मी फार महत्त्व देतो, आणि म्हणून बागेसाठी मी पट्ट्याचा सल्ला देत नाही.

उरतात दोन पर्याय: खांबांसह येणारी गुंडाळता येणारी जाळी, आणि पायाने दाबून रोवायच्या प्लास्टिकच्या खांबांवर ताणलेली पॉलीवायर, म्हणजे धातूच्या बारीक तारा विणलेली प्लास्टिकची दोरी. जाळीत आडव्या दोऱ्या वाहक असतात, उभ्या दोऱ्या सहसा नुसत्या प्लास्टिकच्या, आणि सर्वांत खालची आडवी दोरी जमिनीला टेकत असल्याने तिच्यात वीज सोडलेली नसते. लहान कुत्रा, पिल्लू किंवा ससा जिथून सहज घुसतो त्या फटी जाळी बंद करते आणि ती उभारायलाही सोपी असते. तिचे दोष मात्र गंभीर आहेत. बंद पडलेली जाळी कुत्रा दातांनी तोडतो. घाबरलेला कुत्रा जाळीत पाय अडकून बसू शकतो. आणि उंचसखल जमिनीवर ती लगेच झोळ खाते. पॉलीवायरमध्ये अडकण्याचा धोका बराच कमी, उंची हवी तशी बदलता येते, वाफ्याच्या वळणाबरोबर रेषा वळवता येते, आणि गवत वाढले की खालची तार काढून ठेवता येते. तिची उणीव एवढीच की दोन तारांमधल्या फटीतून धावत आलेला कुत्रा झटका बसण्याआधीच आरपार जाऊ शकतो, कारण दोन ठोक्यांच्या मधे एक सेकंदाहून अधिक वेळ तार शांत असते.

आपल्या बाबतीत मी पॉलीवायरच्या बाजूने आहे. कुत्रे घरचे आहेत, त्यांना शिकवता येईल, आणि वाफे दर हंगामात हलणार आहेत. बाहेरचे अनोळखी कुत्रे अडवायचे असते तर मी जाळी निवडली असती, कारण त्यांना शिकवायला आपण तिथे नसतो आणि त्यांच्यासाठी कुंपण डोळ्यांनाही अडथळा वाटावे लागते.

उंची नाकावरून ठरवावी. कुत्रा नव्या वस्तूची ओळख नाकाने करून घेतो, आणि ओले, केस नसलेले नाक हाच त्याच्या शरीराचा असा भाग आहे जिथे झटका नक्की पोहोचतो. दाट केसांच्या कुत्र्याच्या पाठीला किंवा बाजूला तार घासली तर केस तिला दूर ठेवतात. म्हणून प्रत्येक कुत्रा सहज चालत असताना त्याचे नाक जिथे असते तिथे एक तार हवीच. आपल्या दोन कुत्र्यांसाठी सुमारे १५, ३० आणि ५० सेंटिमीटरवर तीन तारा पुरतील. मोठा कुत्रा उडी मारणारा असेल तर ७५ सेंटिमीटरवर चौथी घालावी. हवेत असलेल्या कुत्र्याला झटका बसत नाही, कारण त्याचे पाय जमिनीवर नसतात, हे लक्षात ठेवावे. कुंपण उडी थोपवते ते उंचीने नव्हे, तर आधी एकदा नाकाला बसलेल्या झटक्याच्या आठवणीने. कुत्र्याला आत ठेवण्यासाठी हेच कुंपण वापरायचे असेल तर उंची आणखी वाढवावी आणि तरीही त्यावर संपूर्ण विसंबू नये. रहदारीचा रस्ता शेजारी असेल तर हलते झटका कुंपण ही एकमेव सीमा म्हणून मी कधीच मान्य करत नाही. तिथे पक्के कुंपण हवे. त्याच्या आतल्या बाजूला १५ ते २० सेंटिमीटर अंतरावर झटका तार लावली तर उकरणे आणि चढणे दोन्ही थांबते, आणि त्या कामात ती उत्तम आहे.

तारेच्या रंगाकडे फार थोडे लोक लक्ष देतात. कुत्र्याच्या डोळ्यांना निळा आणि पिवळा या रंगपट्ट्यांतला भेद चांगला कळतो, परंतु लाल, नारिंगी आणि हिरवा यांच्यातला भेद फारसा कळत नाही. आपल्याला भडक दिसणारी नारिंगी जाळी त्याला गवतात मिसळून गेलेली दिसते, आणि बागेत शोभते म्हणून घेतलेली हिरवी जाळीही तशीच. पांढरी किंवा पांढऱ्यात निळा धागा असलेली तार घ्यावी.

पॉलीवायर म्हणजे प्लास्टिकच्या धाग्यांत विणलेल्या बारीक धातूच्या तारा, आणि स्वस्त व महाग यांतला खरा फरक त्या धातूत असतो. ०.१६ मिलिमीटर जाडीच्या तीन स्टेनलेस स्टीलच्या तारा असलेल्या पॉलीवायरचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मीटरमागे सुमारे १२ ओहम येतो, तिच्यात ०.२५ मिलिमीटरची कथील चढवलेली तांब्याची एकच तार मिसळलेली असेल तर तो अर्ध्या ओहमच्याही खाली जातो. मानकांमध्ये प्राण्याच्या जागी ५०० ओहमचा भार धरून मशीन तपासतात. म्हणजे स्टीलच्या त्या पॉलीवायरची पन्नास मीटरची एकेरी ओळ स्वतःच ६०० ओहमची होते आणि निम्म्याहून अधिक जोर तारेतच खर्च होतो. फसवणूक अशी की मीटर तरीही भरपूर व्होल्ट दाखवतो, कारण मीटर लावल्यावर तारेतून जवळजवळ काहीच वीज वाहत नसते. कमतरता कळते ती कुत्र्याला. सगळ्या तारा दोन्ही टोकांना एकमेकींशी जोडल्या तर परिस्थिती बरीच सुधारते. सांध्यासाठी गाठी मारू नयेत, कारण गाठीत आतल्या बारीक तारा तुटतात आणि बाहेरचे प्लास्टिक धडधाकट दिसत राहते. त्यासाठी मिळणारे धातूचे जोड वापरावेत.

आता मशीन. ज्यूल हा प्रत्येक ठोक्यातल्या ऊर्जेचा आकडा आहे, आणि खोक्यावर दोन वेगळे आकडे असू शकतात: मशीनमध्ये साठणारी ऊर्जा आणि प्रत्यक्ष बाहेर पडणारी ऊर्जा. दुसरा आकडा नेहमीच लहान असतो आणि तोच विचारावा. “इतके किलोमीटर चालते” हा दावा सहसा एकेरी तारेचा, गवताचा स्पर्श नसलेला आणि उत्तम अर्थिंग गृहीत धरलेला असतो. आपल्या कुंपणाची लांबी मोजताना तारांच्या संख्येने गुणावे, म्हणजे चाळीस मीटरच्या घेऱ्याला चार तारा असतील तर वाहक १६० मीटर होतो. एवढ्या बागेसाठी बाहेर पडणारी ०.२ ते ०.५ ज्यूल ऊर्जा पुरेशी आहे. आखूड केसांच्या कुत्र्याला दोन हजार व्होल्टही जाणवतात. दाट केसांच्या कुत्र्यासाठी आणि गवताची गळती धरून तारेवर चार हजारांच्या आसपास व्होल्ट टिकावेत. पाच ज्यूलचे मशीन लांबलचक शेतकुंपणांसाठी असते. बागेत, जिथे मुले, पाहुणे आणि लहान कुत्रा वावरतात, तिथे ते आणण्याचे काहीच कारण नाही.

मशीन आयईसी ६०३३५-२-७६ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे बनवलेले असावे, आणि ही अट मी सर्वांत कडकपणे पाळतो. त्या मानकानुसार ठोके सेकंदाला एकाहून अधिक नसावेत, ५०० ओहमच्या भारावर ठोक्याचा काळ १० मिलिसेकंदांहून आणि ऊर्जा ५ ज्यूलहून अधिक नसावी. दोन ठोक्यांमधली शांतता ही सुरक्षेची गाभ्याची गोष्ट आहे. तीमुळेच माणूस किंवा जनावर तारेपासून सुटू शकते. घरातली वीज थेट तारेत सोडणे म्हणजे प्राणघातक सापळा उभारणे होय, आणि कुठल्याही बल्बने, रोधाने किंवा घरगुती ट्रान्सफॉर्मरने तो सुरक्षित होत नाही. एकाच कुंपणाला दोन मशिने जोडू नयेत. काटेरी तारेत झटका सोडू नये. मशीनचे अर्थिंग घराच्या विजेच्या अर्थिंगपासून निदान दहा मीटर दूर असावे. ज्या बाजूने लोक येऊ शकतात तिथे पिवळ्या पार्श्वभूमीची सूचनापाटी लावावी. या कुंपणांच्या गंभीर अपघातांत डोके किंवा मान तारेला लागणे आणि तारेत अडकून राहणे या गोष्टी पुन्हा पुन्हा आढळतात, म्हणून रांगणारे मूल किंवा तारेखालून सरपटू पाहणारे मूल बागेत असेल तेव्हा मशीन बंदच असले पाहिजे. हृदयाला पेसमेकर बसवलेल्या माणसाने तारेपासून दूर राहावे.

विजेचा स्रोत कोणता, हा प्रश्न लहान बागेत फारसा कठीण नाही. मशीन १०० मिलिॲम्पिअर खात असेल आणि बॅटरी ४० ॲम्पिअर-अवरची असेल, तर लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नाही हे धरून २० ॲम्पिअर-अवर हाती राहतात, म्हणजे २०० तास, साधारण आठ दिवस. सोलर पॅनेल हवे असेल तर ते खरोखर दिवसभर उन्हात राहील का हे पाहावे. झाडांच्या सावलीतल्या बागेत सोलर मशीन घेणाऱ्यांची निराशा होते.

आता शिकवणीबद्दल, कारण चांगल्या साहित्यावर उभारलेली कुंपणेही इथेच फसतात. पहिला झटका बसल्यावर कुत्रा मागे पळेल असे आपण धरून चालतो, पण दचकल्यावर तो कोणत्या दिशेला पळेल हे तो कुठे तोंड करून उभा आहे त्यावर अवलंबून असते, आणि वेगात असलेला कुत्रा पुढेच झेपावतो. म्हणून पहिली ओळख शांतपणे, लांब सुती किंवा नायलॉनच्या दोरीवर करून द्यावी. लोखंडी साखळी वापरू नये, नाहीतर झटका आपल्याही हाताला येईल. तारेला दर मीटरवर पांढऱ्या चिंध्या बांधाव्यात. मशीन बंद ठेवून काही दिवस कुत्र्याला तारेच्या कडेने फिरवावे, चिंधी दिसली की प्रेमाने हाक मारून वळवावे आणि वळल्यावर खाऊ द्यावा. मात्र या काळात दोरीशिवाय त्याला तिथे सोडू नये, कारण बंद तार चावून पाहण्याची सवय एकदा लागली की ती मोडणे फार अवघड जाते. त्यानंतर मशीन चालू करावे आणि पाठीमागे मोकळी जागा ठेवून त्याला स्वतःहून तारेकडे जाऊ द्यावे. नाक लागले आणि तो ओरडून मागे आला तर त्याला रागावू नये, फार कुरवाळूही नये. शांतपणे तिथून दूर न्यावे. तारेवर खाऊ लावून त्याला फसवणे मला मान्य नाही, आणि तारेच्या पलीकडे उभे राहून हाक मारणे तर विश्वासघातच आहे. काही कुत्रे केवळ चिंध्यांवरून सीमा शिकतात आणि त्यांना झटका कधीच लागत नाही; त्यांच्या बाबतीत मुद्दाम झटका देऊन पाहण्याची गरज नाही.

पिल्लू, आजारी किंवा हृदयविकार असलेला कुत्रा, फार म्हातारा कुत्रा आणि मुळातच भित्रा कुत्रा यांच्यासाठी हे कुंपण वापरू नये. तारेजवळ कुत्र्याला कधीही बांधून ठेवू नये. पाण्याचे भांडे आणि झोपण्याची जागा तारेपासून काही मीटर दूर असावी. आपल्या भागात कासवे किंवा कुंपणाखालून जाणारे इतर सरपटणारे प्राणी असतील तर सर्वांत खालच्या तारेकडे रोज लक्ष द्यावे. कासव झटका बसल्यावर मागे सरण्याऐवजी कवचात अंग चोरते आणि तारेला टेकलेलेच राहते, त्यामुळे त्याला ठोक्यामागून ठोका बसत जातो. अशा ठिकाणी खालची तार २० सेंटिमीटरच्या वर घेणे किंवा रात्री ती वेगळी करणे योग्य.

कुंपण उभे राहिल्यावर पहिल्या दिवशी मशीनजवळ आणि सर्वांत दूरच्या टोकाला व्होल्ट मोजून ते लिहून ठेवावेत, आणि पुढे रोज एकदा दूरच्या टोकाला मोजावे. आकडा उतरला तर आधी तार मशीनपासून सोडवून नुसते मशीन मोजावे: तिथेही आकडा कमी असेल तर दोष बॅटरीत किंवा मशीनमध्ये, आणि तिथे ठीक असेल तर कुंपणात. संध्याकाळच्या शांततेत तारेच्या कडेने चालत गेल्यास टिक टिक असा आवाज जिथे येतो तिथे ठिणगी पडत असते. बहुतेक वेळा तिथे तारेला टेकलेले ओले गवत, वाकलेली भेंडीची फांदी किंवा फुटलेला इन्सुलेटर (तारेला खांबापासून विलग ठेवणारा तुकडा) सापडतो. आवाज कुठेच नसेल आणि आकडा मात्र एखाद्या जागेनंतर अचानक पडत असेल, तर त्या जागेचा सांधा उघडून पाहावा. उन्हाळ्यात व्होल्ट चांगले दिसूनही कुत्रे निर्धास्तपणे आत येऊ लागले, तर अर्थिंगच्या सळईभोवती दोन बादल्या पाणी ओतावे, कुत्रा ज्या पट्ट्यावरून येतो तोही भिजवावा, आणि त्यानंतरच दुसरे मशीन घ्यायचे का याचा विचार करावा.